गिधाडं सोडली खरी, पण ती खाणार काय?

वैनगंगा

ताडोब्यात बोटेझरीला २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरहून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं आली. पेंचमध्ये लांब चोचीची दहा आली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून ऑगस्टमध्ये त्यांना बाहेर सोडलं, पाठीवर जीपीएसची पेटी बांधून. २०२५ मध्ये मेळघाटातही पक्षी आणले. मी चंद्रपूरची, त्यामुळे आनंद झालाच. पण त्यानंतर डोक्यात जे घोळतंय ते इथे मांडते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण मागे एका धाग्यावर कुणीतरी ‘मोबाईल टॉवरमुळे गिधाडं गेली’ असं ठोकून दिलं होतं आणि बऱ्याच जणांनी त्याला दुजोरा दिला होता. टॉवरचा संबंध नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसचे (मुंबईची निसर्ग-अभ्यास संस्था) विभू प्रकाश घरट्यांची मोजणी करत होते. १९८७-८८ मध्ये ३५३ जोड्या होत्या, १९९६-९७ मध्ये १५० उरल्या आणि पुढच्या काही वर्षांत तिथलं घरटं करणंच थांबलं. पक्षी माना खाली टाकून झाडावर बसून राहायचे आणि मग पडायचे. साथीचा रोग असेल असं आधी सगळ्यांना वाटलं. याचं उत्तर मिळालं ते पाकिस्तानातून. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी तिथली मेलेली गिधाडं तपासली आणि २००४ मध्ये दाखवून दिलं की मारेकरी डायक्लोफेनॅक आहे. सांधेदुखीला आपण घेतो तेच. जनावराला ते टोचलं, जनावर दोन-तीन दिवसांत दगावलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. हजारात एक उरलं. लांब चोचीची सुमारे ९७ टक्के गेली.

एवढा मोठा संहार होण्यासाठी सगळीच मढी विषारी असावी लागत नाहीत. गणित मांडलेल्या संशोधकांच्या मते शंभरात एकापेक्षाही कमी मढ्यात हे औषध असलं तरी पुरतं, कारण एका बैलावर एका वेळी पन्नास-साठ पक्षी उतरतात. आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. मरण घाऊक आणि जन्म किरकोळ.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. पिंजोर, बंगालमधलं राजाभातखावा, आसाममधलं राणी, भोपाळ इथे पैदास केंद्रं उभी राहिली. पहिलं अंडं काढून कृत्रिमरीत्या उबवायचं, म्हणजे जोडी दुसरं घालते, अशा युक्त्या करून पक्षी वाढवले. हे सगळं कौतुकाचंच. माझा प्रश्न पुढचा आहे. पिंजऱ्यात बिनऔषधाचं मांस ताटात येत होतं. बाहेर जे मढं पडेल त्याची हमी कोण देणार? आणि मुळात मढं उघड्यावर पडतं तरी का आता? आमच्याकडे खेड्यातसुद्धा बैल मेला की जेसीबी येतो.

जाणकारांनी लिहावं.

---

नाममात्र

धागा चांगला आहे, पण एक रोखठोक विचारतो. वीस-पंचवीस पक्ष्यांसाठी गाड्या, पिंजरे, उपग्रह. तेवढ्या पैशात कुपोषित पोरं जगली असती मेळघाटात. गिधाडांशिवाय आपलं पंचवीस वर्षं काय अडलं?

---

उत्तरा_म

@नाममात्र, अडलं. आणि ते मोजलेलंही आहे.

ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ने प्रसिद्ध केला. पूर्वी जिथे गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे मुळातच नव्हती ते जिल्हे, यांचे मृत्युदर त्यांनी ताडून पाहिले. १९९० च्या दशकात स्वस्त डायक्लोफेनॅक बाजारात आल्यानंतर पहिल्या गटातले मृत्यू चार टक्क्यांहून जास्त वाढले, दुसऱ्या गटात तसं दिसलं नाही. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची गेली असा त्यांचा हिशेब आहे. कारणं दोन: मढ्यांवर पोसलेली भटकी कुत्री आणि त्यांच्यामागून रेबीज, शिवाय नदीनाल्यात कुजणारी मढी. त्यात जास्त मरण गरिबाघरीच झालं असणार.

तेव्हा मेळघाटची पोरं की गिधाडं असा सामना लावू नका. दोघं एकाच बाजूला आहेत.

---

नाममात्र

पाच लाख हा आकडा जरा फुगलेला वाटतो. अर्थशास्त्रज्ञ कशालाही कशाशी जोडतात. पण कुत्र्यांचं म्हणाल तर मान्य. आमच्या गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या माळावर आता फक्त कुत्र्यांचं राज्य आहे, संध्याकाळी तिकडून सायकलवर जायची सोय नाही.

---

ढोरडॉक्टर

पशुवैद्यक आहे, सरकारी सेवेतून निवृत्त. डायक्लोफेनॅकच्या मागची व्यवहारातली बाजू सांगतो, कारण ती पेपरात येत नाही.

२००६ ला बंदी आली ती जनावरांच्या औषधावर. माणसांचं डायक्लोफेनॅक दुकानात होतंच. त्याची ३० मिलीची बाटली मिळायची, म्हणजे ७५० मिलिग्रॅम. माणसाच्या एका इंजेक्शनला ७५ लागतात, मग तेवढी मोठी बाटली कुणासाठी होती? चारशे किलोच्या गाईला साधारण ४०० मिलिग्रॅम लागतं. हिशेब तुम्हीच करा. ही पळवाट बुजायला २०१५ उजाडलं. त्या वर्षी माणसांच्या डायक्लोफेनॅकची बाटली एका मात्रेची, ३ मिलीचीच असावी असा नियम झाला. एक औषध कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली, मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नियम कायम ठेवला. आता गाईला टोचायचं तर पाच-सहा कुप्या फोडाव्या लागतात. अशक्य नाही, पण कटकटीचं आहे. औषधाच्या बाबतीत कटकट वाढवणं हाच अर्धा उपाय असतो.

दुसरं म्हणजे डायक्लोफेनॅक गेलं आणि त्याची भावंडं आली. अॅसिक्लोफेनॅक गाईच्या पोटात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. किटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. ही दोन्ही बंद व्हायला २०२३ चा जुलै संपावा लागला. त्यानंतर निमेसुलाइडही जनावरांसाठी बंद झालं. फ्लुनिक्सिन अजून बाजारात आहे आणि त्यानेही गिधाडं मेलेली आहेत.

म्हणजे एक औषध गिधाडांवर तपासायचं, सिद्ध करायचं, बंदी आणायची, तोवर तिसरं दुकानात. खरं तर उलटं हवं. जनावरांचं कुठलंही नवं वेदनाशामक आधी गिधाडांसाठी तपासा आणि मगच परवाना द्या. ही मागणी जुनी आहे.

सुरक्षित ठरलेली दोन: मेलोक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक अॅसिड.

---

गोठेवाला

डॉक्टर, मी संगमनेरकडचा, दुधाचा धंदा. बारा संकरित गायी. रागावू नका, पण तुम्ही लोकं दुकानदाराला अन् शेतकऱ्याला चोर करून सोडता. गाय तापली, उभी राहीना, दूध बंद झालं, त्या टायमाला मी कंपाउंडरला फोन करतो. सरकारी डॉक्टरकडं तीन-चार गावं असतात, तो येईस्तोवर गाय आडवी. येणारा जे टोचतो ते टोचतो. बाटलीवर काय लिव्हलंय ते मी कधी वाचलं नाही अन् आमच्यात कोणीच वाचीत नसंल. एका गायीला लाखाच्या घरात पैसे मोजलेत, हप्ता चालू आहे. त्या वक्ताला गिधाड आठवंल व्हय?

अन् गाय मेलीच तर मी ती पुरतो. लम्पीच्या साली तर पुरायचंच, असं सरकारनंच सांगितलं होतं. माझ्या गोठ्यातलं मढं गिधाडाच्या तोंडी पडतच नाही. मग मी कसलं औषध वापरतो याचा अन् गिधाडाचा संबंध काय?

---

ढोरडॉक्टर

@गोठेवाला, रागावतो कशाला, तुम्ही बरोबर बोलताय. तुमच्या गोठ्यातून धोका कमी आहे. पण जो कंपाउंडर तुमच्याकडे येतो तोच पुढे डोंगराकडच्या वाडीवर जातो, तिथला म्हातारा बैल खडकात मरतो आणि त्याला पुरायला जेसीबी येत नाही. त्याच्या पिशवीत कुठली बाटली आहे ते तुमच्यासारखी मोठी गिऱ्हाइकं ठरवतात. आणि ‘येणारा जे टोचतो ते’ याबद्दल माझी तक्रार गिधाडांपलीकडची आहे, पण तो वेगळा धागा होईल.

---

म्हसळेकर

वाचतोय. आमच्या रायगडातलं थोडं.

म्हसळ्याजवळ चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वस्ती टिकली ती महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेमुळे आणि गावामुळे. फणसाड अभयारण्यातही आहेत. संस्थेची माणसं आजूबाजूच्या गावांतून मेलेलं ढोर कळलं की उचलून आणतात आणि ठरलेल्या जागी टाकतात. ऐकायला सोपं वाटतं. पावसाळ्यात, निसरड्या रस्त्यावर, तीन दिवसांचं मढं टेम्पोत चढवून बघा. टेम्पोवाला दुसऱ्यांदा फोन उचलत नाही.

आमच्याकडे दुसरं भांडण झाडाचं. ही गिधाडं उंच झाडावर घरटं करतात, कड्यावर नाही (कड्यावर ती लांब चोचीची, नाशिकच्या अंजनेरीला वगैरे). नारळावर घरटं झालं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पार एप्रिल-मेपर्यंत त्या माडाला हात लावता येत नाही. विष्ठेच्या शिंतोड्यांनी झावळ्या जळतात. वाडी दुसऱ्याची आणि पुण्य आपलं, असं किती वर्षं चालणार? माडवाल्याला भरपाई मिळाली तरच तो घरटं ठेवील.

संख्येबद्दल मात्र फुशारकी नको. खाणं कमी आहे. कोकणात गुरं कोण पाळतंय आता? नांगराला पॉवर टिलर, दुधाला पिशवी.

---

चार्वाकी

हाच मुद्दा मला मांडायचा होता. २०१५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बैलांची कत्तलही बंद झाली. म्हणजे कागदावर तरी नैसर्गिक मरणाने मरणारी जनावरं वाढायला हवीत आणि गिधाडांची चंगळ व्हायला हवी. पण भाकड गुरं एक तर मोकाट फिरतात, प्लास्टिक खाऊन रस्त्यावर मरतात आणि नगरपालिका ती पुरते. नाही तर गोशाळेत जातात.

मग गोशाळाच का नाही? नेपाळमध्ये नवलपरासी जिल्ह्यात पिठौली गावात २००६ पासून हे चालू आहे. म्हाताऱ्या गायी घ्यायच्या, कुठलंही घातक औषध न देता मरेपर्यंत सांभाळायच्या आणि मेल्यावर गिधाडांपुढे ठेवायच्या. लोक बघायला येतात, गावाला पैसा मिळतो. हिंदू गाव आहे, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. उलट गाय शेवटपर्यंत सांभाळली जाते. आपल्याकडे गडचिरोलीच्या वन विभागाने गिधाड उपाहारगृहं (गिधाडांसाठी मढी ठेवायच्या ठरलेल्या जागा) केली, नाशिकजवळ खोरीपाड्याला आहे. पण गोशाळेशी जोडलेलं असं माझ्या तरी पाहण्यात नाही.

---

ढोरडॉक्टर

कल्पना उत्तम, पण एक खाचखळगा. गोशाळेतली जनावरं म्हातारी, लंगडी, अपघातात सापडलेली असतात. वेदनाशामक सगळ्यात जास्त तिथेच वापरलं जातं. आधी गोशाळेचं औषधाचं कपाट बदला, नोंदवही ठेवा, मग मढं बाहेर काढा. घाईत केलंत तर उपाहारगृहाचा सापळा होईल.

---

हाडकीचा वारस

सगळे मढ्याबद्दल बोलताय. मढं ओढणाऱ्याबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून लॉगिन केलं.

गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं हे काम माझ्या आज्याच्या बापाच्या माथी होतं. मोबदल्यात कातडं, हाडं आणि गावाची शिवी. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की हे काम सोडा, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. आमच्या लोकांनी सोडलं. त्यासाठी गावांनी बहिष्कार घातले, पाणी तोडलं, तरी सोडलं. गिधाडांच्या आठवणी काढताना ‘पूर्वी गावाबाहेर ढोर टाकायचे’ असं जे वाक्य येतं ना, त्यात टाकणारा कोण होता ते कायम गायब असतं.

आणि ज्यांनी पुढेही हे काम केलं त्यांचं काय झालं? २०१६ मध्ये गुजरातेत ऊना इथे मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मढी उचलून कलेक्टर कचेरीसमोर टाकली: तुमची गाय, तुम्हीच उचला. त्यानंतर कोण हात लावेल?

गिधाडं यावीत असं मलाही वाटतं. पण उपाहारगृहात मढं ओढायला ‘स्थानिक मजूर’ लागतील तेव्हा ते कुठल्या वाडीतून येतील, हे आधी सांगा. गाडीला विंच लावा, हातमोजे-बूट द्या, पगार द्या, आणि त्या कामावर सगळ्या आळीतली माणसं दिसू द्या. मग बघू.

---

वैनगंगा

@हाडकीचा वारस, हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर असायला हवा होता. वन विभागाच्या कागदांमध्ये जागा, कुंपण, पाणवठा, माहितीफलक सगळं असतं. ओढणारा कर्मचारी मात्र ‘रोजंदारी’ या एका शब्दात उरकलेला असतो. विंच हा तर फारच साधा उपाय आहे आणि तो कुणी मागितलेला मी पाहिला नाही.

---

म्हसळेकर

विंचला +१. टेम्पोवालासुद्धा दुसऱ्यांदा फोन उचलेल.

---

तारतंत्री

मी वीज कंपनीत लाइनवर काम केलंय, त्यामुळे माझा प्रतिसाद तारेबद्दल.

ताडोब्यातून सोडलेल्यांपैकी एक पक्षी सुमारे चार हजार किलोमीटर भटकत तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात पोचला आणि तिथे विजेचा धक्का बसून मेला. २०२४ च्या शेवटी ही बातमी आली होती. खाण्याचा, औषधाचा कसलाच दोष नाही. खांबावर बसला आणि गेला.

हे का होतं? ११ केव्हीच्या खांबावर लोखंडी आडवा पट्टा असतो, त्यावर इन्सुलेटर आणि त्यावर तार. कावळा बसला तर त्याचा पंख दुसऱ्या तारेला पोचत नाही. गिधाडाचे पंख उघडले की दोन मीटरच्या वर. बसताना किंवा उडताना एक पंख तारेला, पाय लोखंडाला, खेळ खलास. ओल्या पंखांचं तर विचारूच नका.

यावर उपाय आहेत. खांबाजवळच्या तारेवर आणि जंपरवर (खांबावरची जोडतार) इन्सुलेशनचं आवरण चढवायचं, किंवा उघड्या तारेच्या जागी एबी केबल (आवरणातल्या तारांचा पिळलेला जुडगा) टाकायची. प्रत्येक खांबाला करणं परवडणार नाही. पण गिधाडं सोडायच्या जागेभोवती, उपाहारगृहाभोवती आणि जिथे ती रात्री बसतात तिथे करता येतं. जीपीएसने ती कुठे बसतात ते कळतंच आहे. तो नकाशा वन विभागाकडून वीज कंपनीच्या सबडिव्हिजनपर्यंत पोचला पाहिजे, बास. माझ्या नोकरीत असा नकाशा माझ्या टेबलावर कधी आला नाही.

---

नाममात्र

म्हणजे मी म्हणालो तेच झालं की. वाढवा, सोडा, आणि तामिळनाडूत तारेला चिकटवा.

---

उत्तरा_म

अहो, तो पक्षी चार हजार किलोमीटर उडाला म्हणजे या काळात त्याला वाटेत कुठेतरी बिनविषारी खाणं मिळालं. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी स्वतः हवेचे झोत शोधत, स्वतः अन्न शोधत पाच राज्यं हिंडू शकतो, हे आधी कुणाला ठाऊक होतं? आणि पेटी पाठीवर नसती तर मेला हेही कळलं नसतं.

मात्र यातून एक गोष्ट दिसते. गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र आखताना साधारण १०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरतात, त्यात घातक औषधं नकोत असं बघतात. हा पक्षी अशी कितीतरी वर्तुळं ओलांडून गेला. वर्तुळाच्या आतली दुकानं साफ करून भागणार नाही.

---

कुलाबकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी लोकांचे दोखमे आहेत. मृतदेह पक्ष्यांच्या हवाली करायचा ही त्यांची रीत. गिधाडं गेल्यावर तिथे उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा काय, हा प्रश्न त्या समाजात अजून धुमसतोय. माझ्या शेजारच्या पारशी मावशी म्हणायच्या, ‘आमचा धर्म एका इंजेक्शनने अडवला.’

तिथे पिंजरा बांधून गिधाडं पाळायचा विचारही पुढे आला होता. अडचण हीच: मरणारा माणूस शेवटच्या दिवसांत कुठली वेदनाशामकं घेत होता?

---

चार्वाकी

अवांतर अजिबात नाही. गोशाळेचं कपाट आणि हॉस्पिटलचं कपाट, अडचण तीच.

---

गोठेवाला

सगळं वाचलं. त्या वारसभाऊंचं अन् लाइनवाल्यांचं पटलं. मध्य प्रदेशात म्हणे दहा हजारांच्या वर गिधाडं मोजलीत, तिकडं काय येगळं करतात?

अन् डॉक्टर, एक काम करा. आमच्या दूध संघाच्या ग्रुपवर टाकता येईल असं चार ओळीत लिहून द्या. कोणतं नको, कोणतं चालंल, अन् महाग किती पडंल. भाषण नको.

---

ढोरडॉक्टर

मध्य प्रदेशात पन्ना, बुंदेलखंडाकडे डोंगरकडे आहेत, जंगल आहे, मोकळी गुरं आहेत, आणि ते लोक राज्यभर नियमित मोजणी करतात. आपण निदान मोजणी तरी उचलावी.

ग्रुपसाठी घ्या:

गाईला ताप, सूज, लंगडणं यासाठी डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड टोचू देऊ नका. ही चारही औषधं जनावरांसाठी कायद्याने बंद आहेत. फ्लुनिक्सिन बंद नाही, पण टाळा. मेलोक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक अॅसिड मागा. कंपाउंडरला बाटली दाखवायला सांगा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या डॉक्टरलाही उपयोग होतो.

किमतीचं: मेलोक्सिकॅम आता बऱ्याच कंपन्यांचं मिळतं, पूर्वीइतका फरक राहिलेला नाही. टॉल्फेनॅमिक महाग पडतं. कासदाहात (कासेची सूज) यातलं कुठलंही एकटं पुरत नाही, प्रतिजैविक लागतंच, तेव्हा ‘हे टोचूनही उतार पडला नाही’ म्हणून जुन्या बाटलीकडे वळू नका.

---

गोठेवाला

टाकलं ग्रुपवर. पहिलाच रिप्लाय आला: ‘टॉल्फे कुठं मिळतंय, आमच्या दुकानात नाही.’ आता सांगा.

---

ढोरडॉक्टर

दुकानाचं गाव व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) कळवा. तालुक्याच्या घाऊक विक्रेत्याकडे मागणी नोंदवायला लावू. दहा गोठ्यांनी एकदम मागितलं तर तो आठवड्यात आणतो, एकट्याने मागितलं तर कधीच नाही.